शनिवारी जन्मलेला माणूस

गेल्या हिवाळ्यात पुण्याला भाचीकडे गेले होते, तेव्हा ती मला कॉफी प्यायला एका नव्या दुकानात घेऊन गेली. कपाबरोबर बशीत कागदाच्या दोन अरुंद पुड्या आल्या. एक पांढरी होती आणि एक मातकट तपकिरी. मी सवयीने पांढऱ्या पुडीकडे हात नेला, तशी कॉफी आणून देणाऱ्या मुलाने अदबीने दुसरी पुडी पुढे सरकवली आणि म्हणाला, “ही घ्या मॅडम, ही चांगली असते. डेमेरारा.” मी ती फोडली नाही. भाची आणखी काही सांगत होती, मी मान डोलावत होते, पण माझे लक्ष त्या पुडीवर छापलेल्या शब्दावरून हलत नव्हते. निघताना पुडी पर्समध्ये टाकली आणि ती अजून माझ्या टेबलाच्या खणात पेन्सिलींच्या शेजारी पडून आहे. त्या मुलाची काही चूक नव्हती. त्याला शिकवलेले त्याने सांगितले. तरीही त्याचा तो ‘चांगली’ हा शब्द कित्येक दिवस माझ्या मनातून जाईना.

साखरेचे आणि माझे नाते जन्मापासूनचे आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावात थंडी पडली की गुऱ्हाळे लागत. चुलवाणात चिपाडे ढकलणाऱ्या माणसाचे घामाने चमकणारे खांदे, काहिलीतल्या रसावर येणारी हिरवट मळी, ती काढून टाकल्यावर हळूहळू सोनेरी होत जाणारी उकळी आणि गुळव्याने बोटावर पाक घेऊन तो पाण्यात सोडून पाहण्याचा तो एक क्षण. त्या क्षणी सगळे गप्प होत. तो वास केसांत आणि गोधडीतही उतरे, आणि शाळेत गेल्यावर वहीच्या पानांनाही येई. अनेक वर्षांनी डेमेराराच्या मळ्यांमधल्या रस उकळण्याच्या घरांचे वर्णन वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो हा वास. तिथेही भट्टीवर ओळीने तांब्याच्या कढया असत, एकीतला रस पळ्यांनी दुसरीत ओतत तो घट्ट करत नेत आणि सुगीच्या दिवसांत ते काम रात्रीही थांबत नसे. वास तोच असणार. या जाणिवेने मला बरे वाटले नाही. ज्या वासाने माझे बालपण उबदार झाले, तोच वास कुणाच्या तरी आयुष्यभर नाकात साचून राहिला असेल, हे मान्य करायला मला वेळ लागला.

डेमेरारा हे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गयानातल्या एका नदीचे नाव आहे. तिच्या मुखाशी जॉर्जटाऊन शहर आहे. आमच्या घरात त्या शहराचे नाव १९७१च्या मार्चपासून प्रेमाने घेतले जाई, कारण सुनील गावसकरांनी आपले पहिले कसोटी शतक तिथल्या बोर्डा मैदानावर काढले होते. त्या मैदानापासून पूर्वेकडे समुद्राच्या कडेकडेने गेले की एकामागून एक गावे लागतात आणि ती सगळी कधीकाळी उसाचे, कापसाचे, कॉफीचे मळे होती. मळ्यांची नावे मालकांनी हौसेने ठेवलेली : सक्सेस, ट्रायम्फ, गुड होप. एका मळ्याच्या डच नावाचा अर्थ तर ‘स्वातंत्र्याचा आनंद’ असा होतो. हा सगळा किनारा भरतीच्या वेळी समुद्रसपाटीच्या खाली जातो. समोरून समुद्र आणि मागून पावसाचे पाणी, या दोहोंना अडवण्यासाठी बांध घालावे लागले, चर खणावे लागले, पाणी सोडायचे दरवाजे बसवावे लागले. पुढे विसाव्या शतकात एका सरकारी आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा गुलामांनी त्या मळ्यांसाठी किमान १० कोटी टन चिखल उपसला असे निघाले. त्यांच्या हातात फावडी होती आणि बाकी काही नव्हते. जमीनसुद्धा त्यांनीच तयार केली आणि तिच्यावर त्यांचा हक्क नव्हता.

त्या सक्सेस मळ्यावर क्वामिना नावाचा सुतार होता.

पश्चिम आफ्रिकेच्या सुवर्ण किनाऱ्यावरच्या अकान लोकांत मुलाचे नाव जन्मवारावरून ठेवतात आणि क्वामिना म्हणजे शनिवारी जन्मलेला. आपल्याकडे सोमा, मंगळ्या, बुध्या ही नावे जशी आली, तसेच. लहानपणीच आईबरोबर त्याला जहाजात घालून आणले गेले. सगळे मागे राहिले आणि जन्माचा वार तेवढा बरोबर आला. त्याचा मुलगा मात्र जॅक ग्लॅडस्टन, कारण मळ्याचे मालक लिव्हरपूलचे व्यापारी जॉन ग्लॅडस्टन होते आणि मालकाचे आडनाव मुलाला चिकटले होते. बापाच्या नावात आफ्रिकेतला एक शनिवार आणि लेकाच्या नावात लिव्हरपूलची एक पेढी. बाप सुतारांचा प्रमुख, तर लेक पिंपे बनवणारा, म्हणजे ज्या पिंपांतून साखर जहाजावर चढे आणि मालकाकडे जाई, तीच पिंपे. जॉन ग्लॅडस्टन यांनी आयुष्यात कधी डेमेराराच्या जमिनीवर पाय ठेवला नाही. त्यांनी हा मळा घेतल्यावर तिथे उसाची लागवड वाढवली आणि उसाबरोबर माणसांवरचे काम वाढले. १८२२मध्ये क्वामिनाची बायको पेगी आजारी पडली. तिच्याजवळ थांबायला त्याला परवानगी मिळाली नाही. दिवसभराचे काम संपवून एका रात्री तो घरी आला तेव्हा ती गेलेली होती. मळ्याच्या दृष्टीने तो एक सामान्य कामाचा दिवस होता. मी या वाक्यापाशी दर वेळी थांबते. बंडाची कारणे सांगताना इतिहासकार कायदे आणि परिपत्रके सांगतात. ते सांगितलेच पाहिजे, पण माझ्या मनात बंडाची सुरुवात त्या दारापाशी होते, जिथे हातातली अवजारेही खाली न ठेवता एक माणूस उभा राहिला असेल.

शेजारच्या ल रेसुव्हनीर मळ्यावर बेथेल नावाचे प्रार्थनामंदिर होते आणि क्वामिना तिथला ज्येष्ठ डीकन, म्हणजे मंदिराच्या कामात पाद्रींना मदत करणारा सेवक होता. पाद्री होते जॉन स्मिथ, लंडन मिशनरी सोसायटीचे, क्षयाने पोखरलेले, तिशीच्या आतबाहेरचे. ते १८१७मध्ये तिथे उतरले आणि गव्हर्नर जॉन मरे यांना भेटायला गेले, तेव्हा मरे यांनी त्यांना बजावले की, एखाद्या गुलामाला वाचायला शिकवल्याचे माझ्या कानावर आले तर तुम्हाला तत्काळ वसाहतीबाहेर काढीन. हे वाचताना मराठी वाचकाला जोतीराव फुले आठवल्यावाचून राहणार नाहीत. विद्या रोखून धरली की मती, नीती, गती, वित्त कसे एकामागून एक जाते, हे त्यांनी ज्या क्रमाने मांडले, तोच क्रम मरे यांना उलट्या बाजूने पक्का ठाऊक होता. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका जोतीरावांनी अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना वाहिली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे काम केले. त्या पानाबद्दल मला नितांत आदर आहे. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या माणसांच्या दुःखाशी आपले दुःख जोडणारी ती नजर किती दूरची होती. पण क्वामिना वाचल्यापासून त्या अर्पणपत्रिकेच्या खाली मला मनातल्या मनात आणखी एक ओळ दिसते, सोडवणाऱ्यांच्या बरोबरीने स्वतःला सोडवू पाहणाऱ्यांची. स्मिथ यांनी आपल्या रोजनिशीत एका सकाळची नोंद केली आहे. उठल्यावर नेहमीप्रमाणे पहिला आवाज कानावर आला तो चाबकाचा आणि साडेसहापासून साडेनऊपर्यंत तो येतच राहिला.

१८२३च्या उन्हाळ्यात लंडनहून एक सूचना डेमेरारात पोहोचली. स्त्रियांना फटके मारू नयेत आणि शेतात कामावर चाबूक वापरू नये, एवढेच तिच्यात होते. वसाहतीच्या मंडळाने ती स्वीकारली आणि दाबून ठेवली. पण ज्या घरात सूचना वाचली गेली, त्या घरात जेवण वाढणारे हात गुलामांचेच होते. कुणाच्या कानावर अर्धे वाक्य आले, कुणी वर्तमानपत्राचा तुकडा पाहिला, आणि मळ्यामळ्यांतून एकच गोष्ट फिरू लागली की, राजाकडून आपल्यासाठी नवा कायदा आला आहे आणि मालक तो लपवून ठेवत आहेत. काहींच्या मते कायद्यात आठवड्याचे तीन दिवस आपले होते, काहींच्या मते पूर्ण सुटका होती. अफवा म्हणून या गोष्टीची बोळवण करणे मला पटत नाही. कागदावर स्वातंत्र्य नव्हते, हे खरे. पण कागद होता आणि तो लपवला होता, हेही तितकेच खरे.

जॅकने मनाशी ठरवले होते. त्याचा वावर वेगवेगळ्या मळ्यांवर होता, माणसे त्याच्या शब्दाला मान देत आणि त्याने साठेक मळ्यांपर्यंत निरोप पोहोचवला. क्वामिनाने मात्र त्याला आवरायचा प्रयत्न केला. १७ ऑगस्टच्या रविवारी प्रार्थनेत स्मिथ यांनी लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचला, ज्यात येशू यरुशलेम नगर पाहून रडतो. प्रार्थना संपल्यावर सक्सेस मळ्यावर माणसे जमली, तेव्हा क्वामिना म्हणाला की थोडे थांबू. त्याचे कुणी ऐकले नाही. मग त्याने निदान एवढे धरून ठेवले की रक्त सांडायचे नाही, अवजारे खाली ठेवायची, काम बंद करायचे आणि गव्हर्नरांकडून खरे काय ते वदवून घ्यायचे. स्मिथ यांनीही त्याला धीर धरायला सांगितले. पेगीला पुरलेल्या माणसाला धीर धरायला सांगणे किती सोपे असते आणि त्याने तो धरणे किती अवघड, याचा विचार मी पुष्कळ दिवस करते आहे. तो भित्रा होता असे मला एकदाही वाटले नाही. त्याला बंदुका काय करतात ते ठाऊक होते आणि समोर उभा होता तो त्याचा मुलगा होता.

सोमवारी, १८ ऑगस्टला संध्याकाळी सक्सेसवर सुरुवात झाली.

दहा-बारा हजार माणसे उठली. त्यांच्या हाती उसाचे कोयते होते, काही बंदुकाही लागल्या आणि ज्या मालकांनी व मुकादमांनी त्यांना वर्षानुवर्षे लाकडी खोड्यांत अडकवले होते, ते आता त्यांच्या तावडीत होते. त्यांनी काय केले, तर बहुतेक ठिकाणी गोऱ्यांना त्याच खोड्यांत बसवले आणि दार लावून घेतले. या सगळ्या उठावात मेलेल्या गोऱ्यांची संख्या दोन-तीनच्या वर जात नाही. मी ही संख्या दोनदा वाचली. जगातल्या कुठल्याही बंडाच्या कहाणीत इतका संयम मला क्वचितच आढळला आहे आणि त्या संयमावर एका सुताराच्या आवाजाची सावली आहे असे मला ठामपणे वाटते. बुधवारी, २० तारखेला बॅचलर्स ॲडव्हेंचर नावाच्या मळ्यावर कर्नल लेही यांच्या तुकडीसमोर सुमारे दोन हजार माणसे उभी राहिली. काय हवे आहे, असे विचारल्यावर उत्तरे आली : दिवस हवेत, रविवारी प्रार्थनेला जायला हवे, स्वातंत्र्य हवे. मग गोळीबार झाला. संध्याकाळपर्यंत शंभर ते दोनशे माणसे उसाच्या सरींमध्ये आणि चरांच्या पाण्यात पडली होती. त्यांनीच किंवा त्यांच्या बापांनी खणलेल्या चरांमध्ये.

त्यानंतरचे आठवडे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. मळ्यांवर जागच्या जागी खटले झाले आणि जागच्या जागी फाशी झाली, डोकी कापून रस्त्याकडेच्या खांबांवर लावली गेली, काहींना हजार फटक्यांची शिक्षा सुनावली गेली. क्वामिना आणि जॅक जंगलाकडे निघून गेले होते. त्यांच्यावर बक्षीस लावले गेले. ६ सप्टेंबरला जॅक सापडला. १६ सप्टेंबरला क्वामिना मारला गेला, त्याचे प्रेत सक्सेसवर आणले गेले आणि मळ्यासमोर सार्वजनिक रस्त्याच्या कडेला साखळदंडांनी टांगले गेले. त्या काळी तिथे राहणाऱ्या एका चित्रकाराने लिहून ठेवले आहे की पुढे कित्येक दिवसांनी त्याच्या पोटाच्या पोकळीत गांधीलमाशांनी पोळे केले होते आणि उघड्या राहिलेल्या जबड्यातून त्या ये-जा करत होत्या. हे लिहावे की न लिहावे, यावर मी फार अडले. शेवटी लिहिले, कारण ते दृश्य लोकांनी पाहावे म्हणूनच तिथे लावले होते आणि पाहणाऱ्यांत त्याची माणसे होती, रोज त्याच रस्त्याने उसाकडे जाणारी. जॅकला फाशीची शिक्षा झाली, ती रद्द होऊन त्याला सेंट लुशिया बेटावर धाडले गेले. ज्याने ‘थांबा’ म्हटले तो बंडाचा नेता म्हणून टांगला गेला आणि ज्याने बंड उभारले तो समुद्रात दिसेनासा झाला.

इंग्लंडमध्ये मात्र खळबळ उडाली ती स्मिथ यांच्यामुळे. लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला, दयेची शिफारस केली आणि राजाची माफी पोहोचण्याआधीच ६ फेब्रुवारी १८२४ रोजी ते तुरुंगात क्षयाने वारले. रात्रीच्या अंधारात त्यांना गुपचूप पुरले. एक गोरा पाद्री तुरुंगात मेला म्हणून पार्लमेंटमध्ये चर्चा झाली, अर्जांचे ढीग लागले आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला बळ मिळाले. स्मिथ यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते. ते त्या लोकांवर मनापासून प्रेम करत होते. पण सरींत पडलेल्या शंभर-दोनशेंसाठी जो आवाज उठला नाही, तो एकासाठी उठला, हे मला आजही टोचते. १ ऑगस्ट १८३४पासून कायद्याने गुलामगिरी संपली आणि ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ती मालकांना. जॉन ग्लॅडस्टन यांच्या वाट्याला अडीच हजार माणसांच्या बदल्यात एक लाखाहून जास्त पौंड आले. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश करदात्यांच्या पैशांतून २०१५मध्ये मिटला. पेगीच्या आजारपणाच्या त्या दिवसाचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

आणि मग ऊस कोण तोडणार, हा प्रश्न उभा राहिला. ग्लॅडस्टन यांनी १८३६मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून भारतातून मजूर मिळतील का, अशी विचारणा केली, कारण ती पेढी मॉरिशसला मजूर पाठवत होती. मॉरिशसच्या त्याच वाटेने पुढे आपल्या कोकणातली माणसे गेली आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे मराठीत आरत्या म्हणतात. ५ मे १८३८ रोजी व्हिटबी आणि हेस्परस या दोन जहाजांतून ३९६ भारतीय डेमेरारात उतरले, त्यांतले पुष्कळ छोटा नागपूरच्या डोंगरांतले, आणि त्यांतले काही थेट ग्लॅडस्टन यांच्या मळ्यांवर गेले. क्वामिनाच्या लोकांनी सोडलेल्या झोपड्यांतच गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधून आणलेले मजूर, राहू लागले. कराराचा कागद, आगाऊ रक्कम, मुदत संपेपर्यंत हलता येत नाही. हे वाचताना मला आमच्या उसात येणाऱ्या टोळ्या आठवल्या, बीडकडून बैलगाड्या घेऊन आलेली कोयत्याची जोडपी, उचलीचा हिशेब करणारा मुकादम आणि पाचटाच्या पालाबाहेर चिपाडाशी खेळणारी माझ्याच वयाची मुलगी. मी तिला रोज पाहत होते. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

२०२३मध्ये, बंडाला २०० वर्षे झाली तेव्हा, ग्लॅडस्टन घराण्याचे वंशज जॉर्जटाऊनला आले आणि त्यांनी गुलामगिरीबद्दल आणि गिरमिटीबद्दलही माफी मागितली. समोर फलक घेऊन उभी असलेली माणसे होती, ज्यांना ही माफी पुरेशी वाटली नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मला फलक घेणाऱ्यांचे जास्त पटले, तरी येऊन उभे राहिले याचेही मोल मी नाकारणार नाही. त्या शहरात मरे यांच्या नावाचा एक रस्ता होता. १९८५मध्ये त्याचे नाव बदलून क्वामिना स्ट्रीट केले गेले. ज्या रस्त्याकडेला त्याला टांगले, तो रस्ता हा नव्हे. पण आता टपालावर, दुकानांच्या पाट्यांवर, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना लोक तो शनिवार उच्चारतात.

इतके सगळे वाचून झाल्यावरही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती त्या रविवारची दुपार. थांब म्हणणारा बाप आणि न थांबणारा मुलगा, आणि मग मुलाच्या मागोमाग निघालेला बाप. मी शाळेत असताना ऊसदरासाठी आमच्याकडे रस्ता अडवला गेला होता. उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसणे आणि क्वामिनाचे जगणे यांची तुलना होऊ शकत नाही आणि मला ती करायचीही नाही. आम्ही जमिनीचे मालक होतो. पण आदल्या रात्री पडवीत अण्णा दादाला सांगत होते, “जरा दम धर, पोलीस ऐकायचे नाहीत,” आणि दादा तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता, हे मला आठवते. पहाटे दादा गेला. थोड्या वेळाने अण्णांनी टोपी घातली, पायताणे शोधली आणि आईला काहीच न सांगता तेही निघाले. आई चुलीपुढे तशीच बसून राहिली.

अण्णा जाऊन आता बारा वर्षे झाली. परवा दादाशी फोनवर बोलताना मी सहज त्या दिवसाचा विषय काढला आणि विचारले की, अण्णा रस्त्यावर पोहोचले तेव्हा तुला काय म्हणाले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दादा म्हणाला, “काही नाही. ‘सरक जरा’ म्हणाले, आणि शेजारी बसले.”